साखर सोडल्यावर पुढे नेमकं काय काय होतं?

अबोली | १ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची पातळी सांगणारा आकडा) ६.१ आला. वय ४३. बाबांना पन्नाशीत मधुमेह झाला, आत्याला त्याच्याही आधी. रिपोर्ट हातात घेऊन लोकलमध्ये उभी होते तेव्हाच ठरवलं, साखर बंद. २२ मेपासून बिस्किटं नाहीत, जेवणानंतरचा गुळाचा खडा नाही, आणि बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना म्हणून चहासुद्धा नाही. आज अकरावा दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे डोकं धरलं ते चार दिवस सुटलं नाही. चिडचिड इतकी की लेकावर उगीच ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुपारी चार वाजले की काहीतरी गोड हवं म्हणून जीव कासावीस होतो. एक चांगलं म्हणजे पहिल्या आठवड्यात वजन दीड किलोने उतरलं.

ज्यांनी साखर सोडून सहा महिने, वर्ष झालंय त्यांना विचारायचंय: ही तल्लफ कधी जाते? पुढे शरीरात काय बदल होतात? आंबा खाल्ला तर चालेल का? आणि घरातले सगळे म्हणतायत, "साखर नको तर गूळ घाल." खरंच चालतो का?

माईआजी | १ जून, रात्री १०:०५

अबोली, लेकाला जवळ घेऊन एकदा सांग की आईचं डोकं दुखत होतं म्हणून ती ओरडली. मुलांना कळतं गं.

मी सत्तरीची. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडायची आमच्याकडे रीत, तशी एका वर्षी मी साखर सोडली. पहिला पंधरवडा कठीण गेला. मग नवरात्रात कोणीतरी नैवेद्याचं दूध दिलं, साखर न घातलेलं, तर मला ते गोड लागलं! मी दोनदा विचारलं, साखर घातली नाही ना? त्या कार्तिकी एकादशीनंतर चहात साखर परत गेली नाही. चौदा वर्षं झाली.

वऱ्हाडी_ठेचा | १ जून, रात्री १०:३१

अरे बाप्पा, आधी पुण्या-मुंबईच्या आमटीतला गूळ बंद करा! आमच्याकडे भाजीत साखर सापडली तर सोयरीक मोडते.

अबोली | १ जून, रात्री १०:४४

वऱ्हाडी, माझं माहेर सदाशिव पेठेतलं. चिंच-गुळाच्या आमटीवर काही बोलायचं नाही. :)

पांढरा_कोट | २ जून, सकाळी ७:१५

मी जनरल प्रॅक्टिस करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण अबोलीताईंना झालंय ते अनेकांना होतं आणि त्याचं खापर चुकीच्या गोष्टीवर फुटतं.

तुमची डोकेदुखी बहुधा साखरेची नाही, चहाची आहे. चहातलं कॅफिन एकदम बंद झालं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतं. चिडचिड, मरगळ, लक्ष न लागणं हे सगळं त्यातलंच. दिवसाला तीन-चार कप घेणारी माणसं साखर सोडायची म्हणून चहाच सोडतात, मग चौथ्या दिवशी म्हणतात की साखर सोडणं मला झेपत नाही, आणि दोन चमचे साखरेच्या चहावर परत येतात. मी हे दवाखान्यात सतत पाहतो. चहा परत सुरू करा, साखर अर्ध्या चमच्याने कमी करत न्या.

साखर बंद केली म्हणून शरीराला ग्लुकोज कमी पडत नाही. पोळी, भात, डाळ, दूध यांतून ते मिळतंच. साखरेचा रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. यातला फ्रुक्टोज मुख्यत्वे यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. म्हणून साखर, कोल्ड्रिंक, ज्यूस बंद केल्यावर बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये आधी ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) खाली आलेले दिसतात.

दीड किलोचं म्हणाल तर त्यात चरबी फार नाही. एकूण पिष्टमय खाणं कमी झालं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, वापरलं जातं, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. पुढच्या आठवड्यात काटा तिथेच थांबला तर खचू नका.

एचबीए१सी आठवड्याला तपासू नका. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही उंबरठ्यावर आहात, इथून मागे फिरता येतं. ऑगस्ट अखेरीस तपासा.

सरळसोट | २ जून, सकाळी ९:५०

सगळं ठीक. पण आमचे आजोबा रोज पुरणपोळीसारखं गोड खाऊन ९१ वर्षं जगले. हल्ली जो तो रिपोर्ट घेऊन घाबरतो. साखरेला विष म्हणायची फॅशन झाली आहे.

माईआजी | २ जून, सकाळी ११:२०

सरळसोट, पुरणपोळी रोज नव्हती हो. होळीला, बैलपोळ्याला, श्राद्धाला. पाहुण्यापुढे गूळ-पाणी यायचं आणि साखर डब्यात कुलपात असायची. तुमचे आजोबा शेतावर चालत जायचे का?

सरळसोट | २ जून, दुपारी १२:०२

जायचे. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. मुद्दा मान्य.

अबोली | २ जून, दुपारी १:३०

डॉक्टर, खूप आभार. चहाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आज दुपारी कपभर कोरा चहा घेतला. हलकं वाटलं.

काल रात्री साखरेचा हिशेब केला. घरात आम्ही चौघं, महिन्याला किराण्यात ५ किलो साखर येते. म्हणजे डोई रोज चाळीस ग्रॅमच्या वर. बिस्किटं, सॉस, आइस्क्रीम, बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही.

थेम्सकाठचा_मराठी | २ जून, संध्याकाळी ६:१५

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, म्हणजे २००० कॅलरीच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅमवर आणता आली तर आणखी चांगलं. त्यात मध, गूळ, फळांचा रस हे सगळं धरलेलं आहे. अख्खं फळ मात्र नाही.

इथे ब्रिटनमधली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप जवळजवळ लगेच दुपटीला गेला. त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांची संशोधकांनी तुलना केली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आईच्या पोटात असल्यापासूनचे पहिले हजार दिवस ज्यांचे रेशनिंगमध्ये गेले, त्यांना मोठेपणी टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्या पेजेत आम्ही साखर घातली नाही ती यामुळेच. आजी नाराज झाली, पण तिला समजावून सांगितलं.

सह्याद्री_भटक्या | २ जून, रात्री ८:४०

एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, कृपया वाचा.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. माझंच ऐकून त्यांनी साखर सोडली आणि उत्साहात रात्रीचा भातही सोडला. गोळी तशीच घेत राहिले. पाचव्या दिवशी पहाटे आईचा फोन आला. बाबा घामाने निथळतायत, हात थरथरतायत, बोलणं नीट नाही. शेजारच्यांच्या मशीनवर रीडिंग ५२. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं तेव्हा ७८ झालं. मग सकाळी डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला.

चूक माझी होती. मी त्यांना "सोडा" म्हणालो, "आधी डॉक्टरांना विचारा" म्हणालो नाही. ती पहाट मी विसरणार नाही.

पांढरा_कोट | २ जून, रात्री ९:१०

भटक्या, तुमच्या आईंनी अगदी बरोबर केलं. सर्वांसाठी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबून परत मोजणं. त्या वेळी साखर हेच औषध आहे, नेम मोडला म्हणून मागेपुढे पाहायचं नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. अबोलीताईंना गोळी चालू नाही, त्यांना ही भीती नाही.

पंचगंगाकाठ | ३ जून, सकाळी ६:२०

गुळाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमचं कोल्हापूरजवळ तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ.

शंभर किलो ऊस गाळला की दहा-अकरा किलो गूळ पडतो. काहिलीत रस तापायला लागला की रानभेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकायचं, त्यानं मळी वर येते, ती काढत राहायचं. पाक कधी उतरायचा ते गुळव्याच ओळखतो. पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळून बघतो. माझे चुलते रात्री दोन वाजता नुसत्या वासावरनं सांगायचे, "आणखी पाच मिनिटं." बाजारात पिवळाधमक गूळ दिसतो त्यात बऱ्याच वेळा रंग उजळवणारी हायड्रोस पावडर असते. आमच्याकडं ती टाकत नाही, गूळ तांबूस-काळपट होतो, भाव कमी मिळतो, तरी चालतंय.

आता अबोलीताईच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या पोटावर पाय येईल, तरी खरं तेच सांगतो. गूळ म्हणजे साखरच. उसाच्या रसातलं पाणी आटवलं, साखर तशीच राहिली. थोडं लोह, थोडी खनिजं, चव मात्र लाखमोलाची. पण शुगर वाढायची ती वाढतीच. मला स्वतःला चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. काकवीचा वास येतोय आणि खायची नाही, असा एक हंगाम काढला. मग डॉक्टरनी सांगितलं, संक्रांतीला एक तिळाची वडी खावा. ती एक वडी मी आता अर्धा तास खातो.

साखरेऐवजी म्हणून दुप्पट गूळ खाऊ नका. पण सणाला खायचा तर चांगला, बिनपावडरचा खा.

शब्दवेडा | ३ जून, सकाळी १०:३३

पंचगंगाकाठ, फार सुंदर लिहिलंत. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेहासारख्या विकारांच्या) कारणांत दही, नवं धान्य, नुसतं बसून राहणं, झोप यांच्याबरोबर 'गुडवैकृत' म्हणजे गुळाचे पदार्थही सांगितले आहेत. "आयुर्वेदात गूळ चालतो" असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

अवांतर: इंग्रजीतला 'शुगर' हा शब्द संस्कृत 'शर्करा'वरून अरबी-फारसीमार्गे गेला. शर्करेचा मूळ अर्थ खडी, बारीक खडे. 'कँडी' हा शब्दही आपल्या 'खंड'चाच. म्हणजे 'खडीसाखर' या शब्दात खडे दोनदा आले.

दाताची_डॉक्टर | ३ जून, दुपारी २:००

माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी एक वेगळा बदल. साखर किती यापेक्षा किती वेळा खाता, ते दातांना जास्त महत्त्वाचं. प्रत्येक गोड घोटानंतर जंतू आम्ल तयार करतात आणि तोंड पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. दिवसभर घोट घोट गोड चहा घेणाऱ्याच्या दातांना सुट्टीच नाही. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा आणि चूळ भरा. लहान मुलांची गोड सिरपची औषधं रात्री दिली तर नंतर दात पुसून घ्या, हे आया हमखास विसरतात. साखर सोडलेल्यांच्या हिरड्यांमधून रक्त येणं कमी झालेलंही मी पाहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, दुपारी ३:१५

खजूर-अंजिराच्या बर्फीवर 'नो शुगर' लिहिलेलं असते ते काय?

थेम्सकाठचा_मराठी | ३ जून, संध्याकाळी ७:४०

वरून साखर नाही एवढंच. खजुरात वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त साखर असते. एखाद-दुसरा खजूर ठीक, पण चार वड्या म्हणजे मिठाईच. पाकिटामागची यादी वाचायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून साखर पहिल्या तिनात आली की पाकीट खाली ठेवायचं. कधी ती लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं वाटून घेते आणि यादीत खाली सरकते. मोठा चमचाभर टोमॅटो सॉस म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी तर विचारूच नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा.

रमा_नाशिक | ४ जून, सकाळी ८:०५

आणि २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. माझ्या मुलाने घरी येऊन फ्रिजवर स्वतःचा कागद लावला: "कोल्ड्रिंकची बाटली = ७ चमचे." आता त्याचे बाबा बाटली आणत नाहीत.

मी कृत्रिम गोडीच्या गोळ्या वापरते. कोणी बोललंच नाही त्यावर?

पांढरा_कोट | ४ जून, रात्री ९:३०

रमाताई, मधुमेह असलेल्यांना थोड्या काळासाठी त्याचा आधार होतो. पण नुसतं वजन ताब्यात ठेवण्यासाठी ती गोडी वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलं आहे. माझी अडचण वेगळी आहे. गोळी टाकली की जिभेची गोडाची सवय तशीच राहते. माईआजींना नैवेद्याचं दूध गोड लागलं, तो क्षण गोळीवाल्यांच्या वाट्याला येत नाही.

आंब्याचं राहिलं. जेवणानंतर नाही, मधल्या वेळेला अर्धा आंबा, कापून, चावून. आमरसात साखर घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अबोली | २९ जून, रात्री १०:१५

पाचव्या आठवड्याचं सांगते.

चारची तल्लफ साधारण तिसऱ्या आठवड्यात ओसरली. आता तेव्हा मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा घेते. रविवारी कांदा परतत होते, चव बघितली तर गोड! गाजर इतकं गोड असतं हे मला ४३ वर्षांत कळलं नव्हतं. दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे ते कमी झालंय.

पण जे कोणीच सांगितलं नव्हतं ते लिहिते. शरीराचं सोपं होतं, माणसांचं अवघड आहे. मावशीकडे गेले. तिने माझ्यासाठी बासुंदी आटवली होती, दोन तास उभी राहून. मी नको म्हणाले. ती काही बोलली नाही, वाटी उचलून आत घेऊन गेली. मागून गेले तर ओट्याशी पाठमोरी उभी होती. लहानपणी आई आजारी असायची तेव्हा हिनेच मला वाढवलं. तिला माझ्यासाठी काहीतरी करायचं असतं तेव्हा तिच्या हाताला दूध आणि साखरच येते. मला इतकं अपराधी वाटलं की रात्री झोप आली नाही. तुम्ही काय करता अशा वेळी?

पंचगंगाकाठ | ३० जून, सकाळी ६:०५

ताई, दोन चमचे खायची. वाटी नाही, दोन चमचे. आणि तिच्याशेजारी बसून खायची.

माईआजी | ३० जून, सकाळी ७:३०

मी मावशीच्या जागेवरून सांगते. आम्हाला नकार टोचत नाही, आधी न सांगता दिलेला नकार टोचतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन करायचा: "मावशी, तुझ्या हातचं थालीपीठ खायचंय." बघ कशी कामाला लागते. आणि तिला रिपोर्ट दाखव. तुझ्या बाबांचं आजारपण तिनेही पाहिलंय ना?

सरळसोट | ३० जून, सकाळी ९:४५

माईआजी, हे मी लिहून ठेवलं. माझी पण आई अशीच आहे. आणि जाता जाता, या धाग्यामुळे मीही तपासून घेतलं. ६.३. आजपासून चहात अर्धा चमचा.

अबोली | ९ सप्टेंबर, रात्री ८:५०

उशीर झाला, गणपतीची गडबड होती. रिपोर्ट आले.

एचबीए१सी ६.१ वरून ५.८. ट्रायग्लिसराइड्स २१२ होते, १४६ झाले. वजन एकूण साडेतीन किलो कमी. डॉक्टर म्हणाले होते तसं जूनमध्ये काटा तीन आठवडे हलला नाही, मग हळूहळू उतरला. अजून उंबरठ्याच्या आत पूर्ण आले नाही, पण दिशा बदलली. रिपोर्ट बाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

साखरच नाही, रात्रीचा भातही निम्मा केला आणि जेवल्यावर वीस मिनिटं चालते. सगळं श्रेय साखरेला देणं बरोबर होणार नाही.

चतुर्थीला उकडीचे दोन मोदक खाल्ले, तूप घालून, मजेत. तिसरा अर्धा राहिला, जास्त गोड लागला. आणि मावशी गौरी जेवायला आमच्याकडे आली ती हातात डबा घेऊन. आत थालिपिठाची भाजणी! म्हणाली, "दर महिन्याला देत जाईन." किराण्याच्या यादीत साखर आता दीड किलो आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ९ सप्टेंबर, रात्री ९:१२

अभिनंदन ताई! आणि आमटी?

अबोली | ९ सप्टेंबर, रात्री ९:२०

आमटीत गूळ आहे. सुपारीएवढा होता, आता हरभऱ्याएवढा.

नवी_पालवी | १० सप्टेंबर, सकाळी ७:००

आज सगळा धागा वाचला. माझा ५.९ आलाय, उद्यापासून सुरू करते. बिनसाखरेचा चहा कडू लागतो, तो कसा करता?

अबोली | १० सप्टेंबर, सकाळी ७:४५

पालवी, चहा अजिबात सोडू नका, मी ती चूक केली. पाण्यात गवती चहाची दोन पाती आणि ठेचलेलं आलं आधी पाच मिनिटं उकळू दे. मग गॅस बंद करून चहापत्ती टाका आणि तीन मिनिटं झाकण ठेवा. पत्ती उकळली की कडवट होते, साखर तो कडवटपणा झाकायची. दूध वेगळं गरम करून वरून घाला. पहिला आठवडा एक चमचा साखर, दुसरा आठवडा अर्धा, मग पाव. आणि चार वाजता फुटाणे जवळ ठेवा.